पाणी आणि उदक

बडोदे हे सपाटीवरचे शहर आहे. ईशान्येस क्षितिजावर पावागड दिसतो तेवढाच काय तो डोंगर. बाकी चोहोंकडे कपाशीची, तुरीची आणि एरंडाची शेते. गायकवाडांच्या मागोमाग देशावरून आणि कोकणातून जी मराठी घराणी येथे आली, त्यांना ही जमीन मानवली, भाषा मानवली, येथल्या गोडसर आमटीचीही सवय झाली. पाऊस मात्र अजून मानवलेला नाही. दांडिया बाजारातल्या कोणत्याही जुन्या मराठी घरात श्रावणात जाऊन बसावे. सरींकडे पाहत कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणणारच, की 'आमच्याकडचा पाऊस निराळा.' ते 'आमच्याकडे' त्यांनी स्वतः बहुधा पाहिलेले नसते. आज्याने पाहिलेले असते. तरीही वरून खाली कोसळणारे पाणी पाहिल्यावाचून पावसाळा पुरा झाला असे या घरांतल्या माणसांस वाटत नाही, आणि म्हणून वर्षातून एकदा तरी ती पाण्याच्या दिशेने निघतात.

सन २०२५ च्या श्रावणात आम्ही चौघे स्नेही असेच निघालो. वाहने म्हणजे तीन मोटारसायकली. त्यांतली एक जुनी बुलेट; तिला आमच्या पिढीतील लोक अजून फटफटी म्हणतात आणि तिच्या आवाजाला ते नाव शोभतेही. चौघांची वये एकत्र केली तर अडीचशेच्या पुढे जातात. त्यामुळे घरोघरी विरोध झाला, आणि त्याला त्या वर्षी एक नवे कारणही होते. ९ जुलै २०२५ रोजी पादऱ्याकडून आणंदच्या बाजूस जाणारा महीवरचा गंभीरा पूल भर सकाळी तुटला आणि चालती वाहने नदीत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस बडोद्यातील माणूस पूल आला की गाडीचा वेग नकळत कमी करून खाली पाहत असे. 'धबधबा पाहायचा तर दूरचित्रवाणीवर पाहा,' असे आम्हांस घरातून सांगण्यात आले. आमच्यातील मास्तर (त्यांनी चाळीस वर्षे इतिहास शिकवला) यावर म्हणाले, की पुलाला भिऊन घरी बसलेल्या माणसाच्याही घरात २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री शिरलीच होती. हा युक्तिवाद कितपत खरा ते सोडून देऊ. त्याने घरच्यांची तोंडे मिटली एवढे खरे.

विरोध केला नाही तो एकट्या माईंनी. माई म्हणजे आमच्या कारवारच्या स्नेह्याच्या मातोश्री. वय नव्वदीच्या घरात. लग्न होऊन काळी नदीच्या काठावरून ज्या बडोद्यास आल्या त्या येथल्याच झाल्या. परंतु घरात बोली अजून कोंकणीच. पहाटे पाच वाजता त्यांनी गूळखोबऱ्याच्या फोवांचा डबा आमच्या हाती दिला, आणि डब्याबरोबर झाकणाचा एक तांब्याचा तांब्या. मुलाला एवढेच म्हणाल्या, "येतना उदक हाड."

या नियतकालिकाच्या वाचकांना त्या वाक्याचा अर्थ सांगण्याचे कारण नाही. परंतु त्यातील एका शब्दापाशी आम्ही वाटेत बराच वेळ घुटमळत होतो. कोंकणी माणसाला तहान लागली की तो उदक मागतो. विहिरीत उदक असते, भातात उदक घालतात, नळाला उदक येते. मराठी माणसाला मात्र हा शब्द रोजच्या वापरातून केव्हाच निसटला. त्याने तळहातावर घ्यायच्या पाण्यासाठी, संकल्पासाठी, तर्पणासाठी तो राखून ठेवला. आणि एखाद्या वस्तूवरचा हक्क कायमचा टाकायचा तर तिच्यावर 'उदक सोडले' असे तो म्हणतो. एका बहिणीने जो शब्द स्वयंपाकघरात ठेवला, तो दुसरीने देवघरात नेऊन ठेवला. माईंच्या मनात कोणते उदक होते? मास्तरांचे म्हणणे, अर्थात नर्मदेचे तीर्थ. स्नेह्याला खात्री नव्हती. आईला लहानपणीच्या डोंगरातल्या झऱ्याची आठवण पुष्कळदा येते, असे तो म्हणाला.

काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी आम्ही एकत्र जमलो आणि पहिली नदी तेथेच ओलांडली. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि बडोद्याच्या मध्यातून वेडीवाकडी वाहते. तिच्यात शेकड्यांनी मगरी आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात इतक्या मगरी बाळगणारी दुसरी नदी आमच्या ऐकण्यात नाही. वर्षाचे दहा महिने तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३७ फुटांच्या आसपास गेले आणि लोकांच्या अंगणांत मगरी आल्या. त्या सकाळी ती खाली, गढूळ आणि सुस्त होती. वकिलांनी हात जोडले. का, ते आम्ही विचारले नाही. त्यांचे घर नदीकाठच्या वस्तीत आहे.

डभोईच्या रस्त्यावर भिलापूरपाशी ढाढर लागते. नदी अगदी साधी, दोन्ही काठांना बाभळी. हीही पावागडच्याच बाजूने येते आणि पुढे विश्वामित्रीला आपल्यात घेते. मास्तर येथे थांबणार हे ठाऊकच होते. १ एप्रिल १७३१ रोजी या भिलापूर–डभोईच्या टापूत पहिले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची गाठ पडली. त्र्यंबकराव पडले. दाभाड्यांच्या बाजूने लढणारे पिलाजी गायकवाड जखमी होऊन निघाले; त्यांचा थोरला मुलगा सयाजी येथेच कामास आला. दोन्हीकडे मराठी माणसे, निशाणावर दोन्हीकडे एकच छत्रपती. बडोद्यातील आपल्या सगळ्यांच्या वास्तव्याची कथा अशी एका घरभेदाच्या लढाईपासून सुरू होते, आणि ती जागा सांगणारी एखादी पाटी आम्हांस तरी रस्त्यावर दिसली नाही. बाजूला एक माणूस गाडीवर कणसे भाजत होता. आम्ही चार कणसे घेतली.

डभोईविषयी थोडक्यात सांगतो, कारण हिरा भागोळीचे कोरीव काम हा एका स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. एवढेच, की खंडेराव महाराजांच्या काळी १८६२ मध्ये येथून मियागामपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि आरंभी ती चक्क बैल ओढीत असत. आज त्याच डभोईवरून रुंद रुळांवर केवडियापर्यंत गाड्या जातात. २०२१ च्या जानेवारीत तो मार्ग खुला झाला. बुलेटच्या वेगाचा अभिमान बाळगणाऱ्या वकिलांना मास्तरांनी ही बैलांची गोष्ट दोनदा ऐकवली.

पुढे ओरसंग. ही वाळूची नदी, छोटाउदेपूरकडून येते. उन्हाळ्यात पाणी शोधावे लागते, पावसाळ्यात वाळू. चांदोद–कर्नाळीपाशी ती नर्मदेला मिळते. गुप्त सरस्वती धरून तेथे त्रिवेणी मानतात. बडोद्याचे असे मराठी घर विरळा, की ज्यातले कोणी ना कोणी अस्थींचा कलश घेऊन चांदोदच्या पायऱ्या उतरलेले नाही. आमच्या चौघांपैकी चौघेही उतरलेले आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेला जो पूर आला त्यात त्या गावातील घरे, दुकाने पाण्यात गेली. त्या दिवशी आम्ही चांदोदकडे वळलो नाही. ते गाव सहलीच्या वाटेवर घेण्यासारखे नाही, असे सर्वांचे एकमत झाले. झाले म्हणजे कोणीच बोलले नाही.

गरुडेश्वरास पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, १९१४ च्या आषाढात येथे समाधिस्थ झाले. कोकणातला एक मुलगा साऱ्या हिंदुस्थानभर अनवाणी हिंडतो आणि शेवटी नर्मदेच्या काठी थांबतो, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. तथापि पायांत बूट, डोक्यावर हेल्मेट, अंगावर रबरी कोट अशा थाटात, ऐंशी किलोमीटर दोन-अडीच तासांत काटून त्या समाधीपुढे उभे राहिले म्हणजे ती निराळ्या रीतीने ऐकू येते. स्वामींनी वाहन वर्ज्य मानले होते. दंड, कमंडलू आणि पाय एवढ्यावर त्यांनी जो देश पाहिला तो आणि आम्ही पाहतो तो देश एकच असेल असे वाटत नाही. याचा अर्थ आम्ही बडोद्याहून चालत जावे असा कोणी घेऊ नये. आमच्यातील दोघांचे गुडघे बदललेले आहेत. फटफटी आहे म्हणून तर आम्ही येथवर येतो.

चातुर्मास असल्याने परिक्रमावासी मुक्कामाला थांबलेले होते. त्यांतील एक नाशिककडच्या बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. आम्ही सकाळी निघून संध्याकाळी परत जाणार, असे ऐकून त्यांना मौज वाटली. त्यांना घरून निघून सात महिने झाले होते. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती कोठेही ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. "तुम्ही पूल ओलांडणार असाल ना?" त्यांनी विचारले. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. आपण चंद्रावर जाणार का, असे विचारावे तसे त्यांनी विचारले.

घाटावर उतरून स्नेह्याने तांब्या भरला. नदी रुंद, पिवळसर, जड चालीची. तांब्याला झाकण लावून, वर ओला पंचा बांधून, त्याने तो खांद्यावरच्या झोळीत ठेवला. खाली टेकवायचा नाही, पादत्राणांपाशी ठेवायचा नाही, असा नियम त्याने स्वतःच घालून घेतला. पुढचा सगळा प्रवास बुलेटच्या मागच्या आसनावर तो ती झोळी छातीशी धरून बसला होता.

केवडियाचे नाव आता एकतानगर झाले आहे. १८२ मीटर उंचीचा वल्लभभाईंचा पुतळा २०१८ पासून तेथे उभा आहे आणि रविवारी जत्रा लोटते. आम्ही धरणाकडे दुरून पाहिले. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. मध्ये छप्पन्न वर्षे. त्याचे पाणी कालव्याने पार कच्छात आणि राजस्थानात जाते, आणि तेथल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा त्याने उतरला असेल तर त्याविरुद्ध बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु त्या जलाशयाखाली तीन राज्यांतील २४५ गावांच्या जमिनी आल्या. त्यांतली ३३ गावे महाराष्ट्राची, सातपुड्याच्या कुशीतली. परिक्रमेच्या जुन्या कथांत ज्याच्या झाडीचे भय वर्णिलेले असे, ते शूलपाणेश्वराचे मूळ देऊळही पाण्याखाली गेले; गोऱ्याला नवे बांधले आहे. घरादारावर उदक सोडणे म्हणतात ते हे. फरक एवढाच, की आपल्या शास्त्रात उदक देणाऱ्याने स्वतःच्या हाताने सोडायचे असते.

गोऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडायला आम्हांस एक मिनिट लागले. त्या नाशिकच्या बाईंची आठवण सर्वांनाच झाली असावी, कारण पलीकडे गेल्यावर चौघांनीही गाड्या आपोआप हळू केल्या.

झरवाणीचा धबधबा शूलपाणेश्वर अभयारण्यात आहे. वनखात्याच्या नाक्यापासून आत सहा-सात किलोमीटर रस्ता. सागाची पाने हत्तीच्या कानाएवढी झालेली, बांबू, मोह, मध्येच वसावा आणि तडवी लोकांच्या कुडाच्या झोपड्या, अंगणात कोंबड्या. ओढा वाटेत पुनःपुन्हा आडवा येतो आणि त्यातूनच गाडी काढावी लागते. धबधबा म्हणाल तर फार उंच नव्हे. आंबोलीचा पाहिलेल्याने नाक मुरडावे. पण काळ्या खडकावरून पाणी घसरत खाली येते, डोहात थांबते, पुन्हा घसरते, आणि तो आवाज कानावर येताच कारवारचा स्नेही मोटारसायकलवरून उतरून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. मग खिशातून मोबाइल काढून त्याने तो आवाज आईसाठी भरून घेतला. गाड्या आणि सगळे सामान ओढ्याच्या अलीकडे ठेवून, फोवांचा डबा घेऊन आम्ही पलीकडच्या खडकांवर बसलो. पाऊस भुरभुर. पाणी स्वच्छ, घोट्याएवढे. समोर पाच-सहा तरुण मुले पाण्यात खेळत होती. त्यांतला एक प्रवाहाच्या मध्यावरील खडकावर चढून छायाचित्रासाठी निरनिराळ्या ऐटी करत होता.

डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी वरच्या पायवाटेने उतरली. आमच्यापाशी थांबून म्हणाली, "भाई, बहार नीकळो. ऊपर वरसाद पड्यो छे." आम्ही आकाशाकडे पाहिले, तिने आकाशाकडे पाहिलेच नाही, पाण्याकडे बोट केले. स्वच्छ पाण्यावरून वाळकी पाने आणि काटक्या वाहत येत होत्या. मग फेस आला. मग पाण्याला तांबूस रंग चढू लागला, आणि धबधब्याचा आवाज, जो इतका वेळ झांजेसारखा होता, तो पखवाजासारखा झाला. आम्ही डबा उचलून वर सरकलो. तेवढ्यात, म्हणजे फार तर चार मिनिटांत, आम्ही जेथे बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला.

मुले ओरडत काठावर आली. मधल्या खडकावरचा मात्र राहिला. प्रवाह अजून गुडघ्याच्या थोडा वर असेल. परंतु धावत्या पाण्याला गुडघा पुरतो. मुलगा उतरू पाहत होता. म्हातारीने अशी हाक मारली की वरच्या झोपडीतून एक माणूस धावत आला. त्याच्या हातात लांब बांबू होता. त्याने पहिल्याने काय केले असेल, तर मुलाला खाली बसवले. "बेसी जा! हलतो नहीं!" मग आमच्याकडे वळून दोरी मागितली. वकिलांच्या कमरेला योगायोगाने सामान बांधायची नायलॉनची दोरी होती. ती त्याने एका सागाला बांधली, दुसरे टोक आपल्या कमरेला, आणि सरळ मुलाकडे न जाता वरच्या अंगाने, तिरपा, पाय न उचलता घासत घासत तो पाण्यात उतरला. आम्ही दोरी धरून होतो. हे सगळे दहा मिनिटांत झाले असेल. त्या दहा मिनिटांत त्या मुलाचा चेहरा आम्ही इतका पाहिला, की आज रस्त्यात दिसला तर ओळखू. ओठांवर नुकती मिसरूड होती. त्याने बांबू धरला, एकदा पाय निसटून पुरता पाण्याखाली गेला, आणि बाहेर आला तो बांबू न सोडता आला.

काठावर आल्यावर तो ओकला, थरथरू लागला, आणि मग पाणी मागितले. चोहोंकडे पाणी घोंघावत होते आणि पिण्याजोगा घोट नव्हता. आमच्या बाटल्या ओढ्यापलीकडे गाड्यांवर. मुलांच्या वाहून गेलेल्या. स्नेह्याने कोणाकडे पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. झोळीतून तांब्या काढला, पंचा सोडला, झाकण उघडून त्या मुलाच्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्याला. नंतर त्या बांबूवाल्याने ओंजळ पुढे केली. म्हातारीला देऊ केले तेव्हा तिने आधी विचारले, "नर्मदामातानुं?" हो म्हणताच डोक्यावरचा पदर सारखा करून तिने तळहातावर थेंबभर घेतले, डोळ्यांना लावले आणि मग प्राशन केले. मास्तर इतिहासाचे, त्यांना नाथांच्या कावडीची गोष्ट ठाऊक नसेल असे नाही. पण ती त्या वेळी त्यांनी काढली नाही, हे फार चांगले झाले.

पाणी उतरेपर्यंत दोन तास आम्ही त्या झोपडीच्या पडवीत बसून राहिलो. फोव सर्वांत वाटले; मुलांना ते काय आहे हे कळले नाही, पण डबा पुसला गेला. मुले सुरतेकडची होती. वाचलेला मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, घरात एकटा. निघताना त्याने स्नेह्याचा मोबाइल क्रमांक घेतला. मास्तरांनी त्या माणसापुढे पैसे धरले. त्याने ते घेतले नाहीत; दोरी मात्र ठेवून जा, चांगली आहे, असे म्हणाला. वकिलांनी ती गुंडाळून, दोन्ही हातांनी त्याला दिली.

परतताना गरुडेश्वरापाशी दिवस मावळला होता. तांब्या पुन्हा भरावा काय, असा विचार निघाला. दिवे लागल्यावर नदीचे पाणी काढू नये, असे मास्तर म्हणाले. स्नेही म्हणाला, आहे तेवढे पुरे. डभोईला चहासाठी थांबलो तेव्हा त्याने घरी फोन करून झालेले सगळे आईला सांगितले. बराच वेळ तो नुसता हूं हूं करत होता. ढाढरच्या पुलावर पाऊस लागला आणि तो बडोद्यापर्यंत सुटला नाही.

रात्री साडेनऊला आम्ही चौघेही त्यांच्या दारात ठिबकत उभे राहिलो. माई जाग्या होत्या, देवासमोर पाट मांडून. स्नेह्याने तांब्या पुढे केला. हलवला की आतल्या पाण्याचा आवाज येत होता, अर्ध्याहून कमी राहिले होते. त्यांनी तो घेतला, पण उघडला नाही.

"तो भुरगो घरा पावलो?"

सुरतेहून निरोप नुकताच आला होता. स्नेह्याने मोबाइल काढून पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाला, "पावलो गो, आई."

मग त्यांनी झाकण काढले.